मालक गेला, पाणी राहिले

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे धानाच्या मुलखातले गाव. एका उन्हाळ्यात तिथे शिक्षकांच्या छोट्या मेळाव्यात खाणींतून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी बोलण्याचा प्रसंग आला. खरे तर विषयाची निवडच चुकली की काय, असे मला व्यासपीठावर बसल्या बसल्या वाटू लागले होते. भंडारा जिल्ह्याच्या या भागात कोळशाची खाण नाही. इथल्या लोकांना पाणी म्हटले की तलाव आठवतो, बोडी आठवते. बोलणे संपल्यावर मागे बसलेली नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, ‘मॅडम, खान बंद झाली, मालक गेला, त मंग ते पानी कोनाचं?’

मी जलरसायनशास्त्रावर काम करते. पाण्यात लोह किती, सल्फेट किती, हे मला सांगता येते. पाणी कोणाचे, हे प्रयोगशाळेत मोजता येत नाही. तिथे मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी कोळशाच्या खाणीपासून सुरुवात करून पुन्हा तलावाच्या पाळीवर यावे लागणार आहे.

विदर्भातील कोळशाची कथा वरोऱ्यापासून सुरू होते. १८७०च्या दशकात सरकारने तिथे खाण चालू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला आणि १९०६मध्ये ती खाण बंद झाली. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना ‘गोंडवन’ खडक म्हणतात. हे नाव १८७२मध्ये मेडलिकॉट या शास्त्रज्ञाने दिले आणि ते आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून दिले. आज ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि अंटार्क्टिका यांना एकत्र सांधणाऱ्या प्राचीन भूखंडाचे नाव जगभर उच्चारले जाते, तेव्हा त्यात या मुलखाचा उल्लेख होत असतो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

खाण बंद होते म्हणजे नेमके काय होते? चालू खाणीत सर्वांत महत्त्वाचे यंत्र कोळसा तोडणारे नसते, पाणी उपसणारे असते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेलेली असल्याने पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. कोळसा संपला, किंवा तो काढणे परवडेनासे झाले, की पंप थांबतात. पाणी हळूहळू वर चढू लागते. काही वर्षांनी ते एखाद्या जुन्या भुयाराच्या तोंडातून किंवा उतारावरच्या झऱ्यातून बाहेर पडते. त्या वेळी ते आत गेले होते तसे राहिलेले नसते.

याचे कारण कोळशाबरोबर सापडणारे पायराइट हे खनिज. लोह आणि गंधक यांचे हे संयुग पिवळ्या चमकेमुळे अनेकांना सोन्यासारखे वाटून फसवते. कोट्यवधी वर्षे जमिनीत हवेपासून दूर असताना ते स्वस्थ असते. खाणीमुळे त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतात. गंधकाचे सल्फेट होते, लोह विरघळते आणि पाणी आम्लधर्मी होते. हे आम्लधर्मी पाणी ओढ्यात आले, की त्यातल्या लोहाचा हवेशी आणखी संयोग होऊन नारिंगी साका तळाशी बसतो. दगड, वाळू, पाणकीटकांची घरे, माशांची अंडी या सर्वांवर त्याचा लेप चढतो. ओढ्यातील जीवसृष्टीचा नाश पुष्कळदा आम्लापेक्षा या लेपानेच होतो.

ही क्रिया केवळ रासायनिक असती तर फार सावकाश झाली असती. १९४७मध्ये कोल्मर आणि हिंकल या अमेरिकन संशोधकांनी वेस्ट व्हर्जिनियातील खाणीच्या पाण्यातून लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्यावर जगणारा एक जिवाणू वेगळा काढला. १९७०मध्ये सिंगर आणि स्टम यांनी दाखवले की, आम्ल पाण्यात हे जिवाणू लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग दहा लाख पटींपर्यंत वाढवू शकतात. म्हणजे खाण बंद झाल्यावर ती निर्जीव होते, हे खरे नाही. माणसे बाहेर येतात आणि जिवाणूंची पाळी सुरू होते.

इथे एक प्रयोग सुचवते. बाजारात हिराकस मिळते. चिमूटभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवून पेला उघडा ठेवावा. दोन-तीन दिवसांत पाणी पिवळसर होते आणि तळाशी तपकिरी-नारिंगी साका दिसू लागतो. दुसऱ्या पेल्यात तेच द्रावण घेऊन त्यात चुनखडीचे खडे टाकावेत. साका लवकर बसेल, परंतु काही दिवसांनी खड्यांवरच त्याचा थर चढेल आणि खडे निकामी होऊ लागतील. खाणीच्या पाण्यात चुनखडी टाकून ते सुधारू पाहणाऱ्यांना हीच अडचण वर्षानुवर्षे आली. (हिराकस पोटात जाऊ देऊ नये, हात धुवावेत, हे सांगायला नकोच.)

आता प्रश्न येतो की, विदर्भातील ओढे असे नारिंगी का दिसत नाहीत? गोंडवन कोळसा गोड्या पाण्याच्या दलदलीत तयार झाला. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, गोड्या पाण्यात कमी. त्यामुळे आपल्या कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी आणि पायराइटही थोडे. इथल्या खाणींच्या पाण्यात क्षार आणि कठीणपणा असतो, पण तीव्र आम्लता क्वचित. अपवाद आहेत. मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळची गोरबी ही सोडून दिलेली खाण आम्लधर्मी पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मेघालयातील कोळसा मात्र नंतरच्या काळातला, समुद्राच्या सान्निध्यात बनलेला. त्यात गंधक कितीतरी जास्त. जैंतिया टेकड्यांत माणूस रांगत जाईल एवढ्याच बिळांतून तो काढला जाई. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये त्यावर बंदी घातली, पण जुनी बिळे तशीच राहिली. त्या भागातली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसते. पर्यटकाला ती सुंदर वाटेल, तिच्या काठच्या कोळ्याला ते मासे मेल्याचे चिन्ह आहे.

या कोळ्याने कोणाकडे दाद मागावी? इंग्लंडचे उदाहरण पाहू या. कोळशावर ज्या देशाचे यंत्रयुग उभे राहिले, त्या देशाच्या कायद्यात १९९९च्या अखेरीपर्यंत एक विलक्षण सवलत होती. चालू खाणीतून ओढा खराब केला तर गुन्हा. सोडून दिलेल्या खाणीतून पाणी ‘वाहू दिले’ तर गुन्हा नाही. १९९५च्या पर्यावरण कायद्याने ही पळवाट बंद केली, तीही ३१ डिसेंबर १९९९नंतर सोडल्या जाणाऱ्या खाणींपुरती. तोवर देशातल्या बहुसंख्य कोळसाखाणी बंद होऊन गेल्या होत्या. म्हणजे घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कडी घातली, आणि कडीवर पुढली तारीख लिहिली.

ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात क्वेकिंग हाउसेस नावाचे खाणकामगारांचे छोटे गाव आहे. शेजारची मॉरिसन बस्टी ही खाण १९७३मध्ये बंद झाली. गावाजवळून स्टॅनली बर्न नावाचा ओढा जातो (त्या भागाच्या बोलीत बर्न म्हणजेच ओढा). खाणीच्या राडारोड्याच्या ढिगातून १९८०च्या दशकात, रस्त्याच्या बांधकामात तो ढीग हलवला गेल्यावर, लोह आणि ॲल्युमिनियम असलेले आम्लधर्मी पाणी ओढ्यात उतरू लागले. लोहाने तळ नारिंगी झाला, ॲल्युमिनियमने पाण्यावर पांढरा फेस धरला. खाण राहिली नव्हती, रोजगार राहिला नव्हता, आणि ज्याच्यावर बोट ठेवावे असा जबाबदार माणूसही सापडत नव्हता.

गावकऱ्यांनी आपली एक पर्यावरण संस्था स्थापन केली आणि न्यूकॅसल विद्यापीठाकडे गेले. तिथे पॉल यंगर (१९६२–२०१८) हे भूजलशास्त्रज्ञ त्यांना भेटले. यंगर यांच्याविषयी मला एक व्यावसायिक आदर आहे. पाण्याने भरलेल्या खाणीतून पहिल्यांदा बाहेर येणारे पाणी सर्वांत वाईट असते, आणि खाण भरायला जेवढा काळ लागला त्याच्या साधारण चौपट काळ ही अवस्था टिकते, हा आमच्या क्षेत्रात सतत वापरला जाणारा अंदाज त्यांचा. त्यानंतरही पाणी पूर्ण स्वच्छ होत नाहीच. कमी प्रमाणातला दोष अनेक दशके राहतो. रसायने टाकणारे यंत्र बसवले तर ते तितकी वर्षे चालवणार कोण? गावाजवळ पैसा नव्हता, म्हणून उपाय असा हवा होता की जो विजेवाचून, कारखान्यावाचून चालेल.

असा उपाय निसर्गात आधीच सापडलेला होता. १९७८मध्ये हंट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात पाहिले की, खाणीचे खराब पाणी स्फॅग्नम नावाच्या शेवाळाच्या दलदलीतून गेल्यावर सुधारते. चार वर्षांनी वीडर आणि लँग यांनी वेस्ट व्हर्जिनियातील एका दलदलीत तसेच नोंदवले. मग लोकांनी स्फॅग्नम उपटून खाणींजवळ नेऊन लावला, आणि तो लोहाच्या भाराखाली मरून गेला. त्यानंतर पाणकणीस लावून पाहिले, ते टिकले. पण खरे काम करणारा कारागीर वनस्पतीच्या खाली, चिखलात होता. प्राणवायू नसलेल्या, कुजक्या द्रव्याने भरलेल्या चिखलात काही जिवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरून श्वसन करतात. सल्फेटचे सल्फाइड होते, लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा साका पडतो आणि पाण्याची आम्लता उतरते. म्हणजे खाणीत पायराइट उलगडले गेले, आणि चिखलात त्याची पुन्हा घडी घातली गेली. कोळसा ज्या प्राचीन दलदलींत बनला, तिथे पायराइटही याच घराण्यातील जिवाणूंमुळे तयार झाले होते. मला तर या सगळ्या शास्त्रातले हे सर्वांत सुंदर पान वाटते.

क्वेकिंग हाउसेसमध्ये १९९५मध्ये स्वयंसेवकांनी एक लहान प्रायोगिक पाणथळ तयार केली. ती चालते असे दिसल्यावर १९९७मध्ये मोठी झाली. तिच्यात काय घातले? घोड्यांची लीद, शेण आणि पालापाचोळ्याचे खत. युरोपातील अशा पहिल्या पाणथळींपैकी ती एक. तिच्यासाठी पाहुणे लांबून येऊ लागले. परंतु खत कायमचे पुरत नाही, ते जिवाणूंचे अन्न आहे आणि संपते. गाळ साचतो, पाण्याची वाट तुंबते. अशा प्रत्येक पाणथळीला दर काही वर्षांनी कोणीतरी चिखलात उतरावे लागते. बांधण्याला निधी मिळतो, उद्‌घाटनाला माणसे मिळतात. दहाव्या वर्षी फावडे घेऊन येणारा मिळेलच असे नाही. तो बहुधा ओढ्याच्या काठीच राहणारा असतो.

आणि हे वाक्य लिहिताना मला दिघोरीकडची तलावाची पाळ आठवते.

पूर्व विदर्भातील तलावांचा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने वैनगंगेच्या खोऱ्यात उतार पाहून, ओहोळ अडवून मातीच्या पाळी घातल्या. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातीजमातींच्या ग्रंथातही कोहळी हे तलाव बांधणारे म्हणून ओळखले आहेत. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम, जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा, पाण्याच्या काठाने क्रमाक्रमाने खोल होत जाणारा उथळ पट्टा. खाली धान आणि ऊस. पुढे इंग्रजांच्या जमीनबंदोबस्तात मालगुजारांना मालकी हक्क मिळाले आणि या तलावांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले.

मालगुजार पाळीची डागडुजी करवून घेत. पाणी कोणाच्या शेताला आधी जाईल, मासे कोण धरील, गुरे कुठे पाणी पितील, याचे गावोगावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेले असत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकणाऱ्याला पुष्कळदा वेठीने राबावे लागे, आणि पाण्याचा पहिला मान कोणाला मिळे हे सांगायला नको. तरी एक खरे होते की, तलाव फुटला तर कोणाच्या दारी जायचे ते गावाला माहीत होते.

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५०मध्ये झाला आणि १९५१मध्ये अमलात आला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. १९५६मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे सोपवले गेले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सरकारी हिशोबाने ६,८६२ आहे, आणि कार्यालयीन भाषेत त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणतात. माजी हा शब्द खरे म्हणजे मालगुजाराला लावायचा. तो तलावाला चिकटून बसला.

खाणीत पंप थांबल्यावर जे होते, ते इथे पाळीवर माती टाकणे थांबल्यावर झाले. एका दिवसात काही बिघडले नाही. गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणे झाली, तुडूम गळू लागले. काठाच्या उथळ पट्ट्यात बेशरम पसरली. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती, शास्त्रीय नाव आयपोमिया. तिची तोडलेली फांदीही चिखलात रुजते. स्वातंत्र्यानंतर मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी तलावांत बाहेरच्या जातींचे बीज सोडण्यात आले. त्यांतला ग्रास कार्प हा नावाप्रमाणे पाणवनस्पती खाणारा. बेशरमेने काठ घेतला, ग्रास कार्पने तळातले गवत घेतले, आणि ज्या वनस्पतींच्या आधाराने मरळ, मागूर, शिंगूर यांसारखे स्थानिक मासे वाढत, त्या अनेक तलावांतून दिसेनाशा झाल्या.

क्वेकिंग हाउसेसच्या खाणकामगारांच्या जागी इथे ढीवर समाज आहे. तलाव त्यांच्या नावावर कधीच नव्हता. मालगुजाराच्या काळी नव्हता, नंतरही नाही. मासेमारी सहकारी संस्थांमार्फत त्यांना तो ठेक्याने मिळतो. पण पोट तलावावर. कुठला मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणते गवत किती खोल पाण्यात उगवते, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मनीष राजनकर यांच्या ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढीवरांबरोबर बसून ते नोंदवले, आणि त्यावरूनच तलाव पुन्हा जिवंत करण्याची पद्धत बसवली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात जांभळी गावाच्या नवतलावावर हे काम प्रथम मोठ्या प्रमाणात झाले.

पद्धत ऐकायला साधी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, नुसती छाटायची नाही. उघडा पडलेला तळ नांगरायचा. पावसाच्या सुरुवातीला, ज्या तलावांत अजून शिल्लक आहेत तिथून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, निम्फॉइडिस, देवधान अशा वनस्पती आणून ज्या त्या खोलीवर लावायच्या. त्या वर्षी माशांच्या अधाशीपणापासून त्यांना जपायचे. देवधान म्हणजे आपल्या धानाचा रानटी भाऊबंद. पाणपक्ष्यांना आणि माशांना त्याचा आसरा होतो.

खाणींजवळ नेऊन लावलेला स्फॅग्नम का मेला, हे ज्याने वाचले आहे त्याला ‘ज्या त्या खोलीवर’ या शब्दांचे मोल कळेल. वनस्पती चुकीच्या जागी लावली तर शास्त्राचे सगळे पुस्तक पाठ असून उपयोग नाही. मी स्वतः अशा एका तलावावर उभी असताना एका वयस्कर ढीवर काकांना विचारले होते की, इथे हायड्रिला का नाही लावली. त्यांनी पायाने चिखल दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘इथं नाई जगनार बाई, इथं खालून मुरूम लागते.’ माझ्या पिशवीत सामू मोजण्याचे यंत्र होते, ते मी बाहेर काढले नाही.

याच कारणाने तलाव खोलीकरणाच्या मोहिमांविषयी मला काळजी वाटते. गाळ काढणे आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण यंत्राने काठापासून सरळ उभा खड्डा केला तर साठा वाढतो आणि उथळ पट्टा नाहीसा होतो. घनमीटरमध्ये लाभ दिसतो. तोटा मोजण्याचा रकाना तक्त्यात नसतो.

खाणींच्या बाबतीत आपल्याकडे पूर्वीपेक्षा एक गोष्ट बरी झाली आहे. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून प्रत्येक खाणीची बंद करण्याची योजना आधीच करावी लागते, आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. अमेरिकेने १९७७मध्येच एक वेगळी वाट धरली होती: चालू खाणींच्या प्रत्येक टन कोळशावर शुल्क घेऊन त्यातून पूर्वीच सोडून दिलेल्या खाणी दुरुस्त करायच्या. दोन्हींत मालक निघून जाण्याआधी त्याच्याकडून काही ठेवून घेण्याचा विचार आहे. मामा तलावांच्या बाबतीत १९५१मध्ये तसे काही झाले नाही. हक्क काढून घेतला, कर्तव्य कोणाच्या हाती दिले हे गावाला नीट समजले नाही.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. खाणीचे पाणी कोणाचे, हे देशोदेशीचे कायदे अजून ठरवत आहेत. तिच्या गावच्या तलावाबद्दल मात्र थोडे अधिक सांगता येते. तलाव जिल्हा परिषदेकडे असेल तर पाळ आणि सिंचन तिच्या लघुसिंचन विभागाकडे. मासे ठेका घेतलेल्या सहकारी संस्थेचे. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर कोणी करायची, याचा निर्णय वेगळा. तलाव वनक्षेत्रात असेल तर २००६च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला त्यावर सामूहिक हक्क मागता येतो. आणि गुरांना पाणी पाजणे, कपडे धुणे, माती नेणे हे गावाचे हक्क निस्तार पत्रकात.

हे निस्तार पत्रक गावच्या महसूल दप्तरात असते. शिक्षकांनी तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावच्या तलावाच्या नोंदीची प्रत मिळवावी आणि ती नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवावी. अक्षर जुने असते, शब्दही जुने असतात, त्यामुळे एक तास पुरणार नाही. घरी आजोबांना विचारून यायला सांगावे.